रिसेटनंतर जागे होणारे कुलूप : फोनमधील चोरीरोधक सोयीचे परीक्षण

सोलापुरात नवी पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ‘गुगल लॉक लागलंय, काढून मिळेल का?’ हा प्रश्न वारंवार कानावर पडतो. विचारणारा बहुतेक वेळा चोर नसतो. पॅटर्न विसरल्यामुळे घरातल्या कोणीतरी फोन रिसेट केलेला, म्हणजे पूर्ण पुसून नव्यासारखा केलेला असतो, किंवा ओळखीच्या माणसाकडून घेतलेला जुना फोन सुरू होत नसतो. ज्या सोयीमुळे ही वेळ येते, ती अँड्रॉइडमधील फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन आणि आयफोनमधील ॲक्टिव्हेशन लॉक यांचे हे परीक्षण आहे. चोराला अडवण्याच्या बाबतीत दोन्ही कुलपे चांगली आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यांना मालकाचा चेहरा किंवा हातातले बिल कळत नाही. त्यांना कळते ते फक्त खाते, आणि आपल्याकडच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

पूर्वी चोरलेला फोन, बटणे दाबून उघडणाऱ्या ‘रिकव्हरी’ या मेनूतून पुसला की तो नव्यासारखा होत असे आणि लगेच विकला जात असे. ॲपलने 2013 मध्ये आयओएस 7 सोबत आणि गुगलने 2015 मध्ये अँड्रॉइड 5.1 सोबत ही वाट बंद केली. अँड्रॉइड फोनवर गुगल खाते जोडून स्क्रीन लॉक लावले की हे संरक्षण आपोआप चालू होते. त्याची नोंद रिसेटमध्ये न पुसल्या जाणाऱ्या वेगळ्या भागात राहते, त्यामुळे रिकव्हरीतून फोन पुसल्यावर सुरुवातीच्या मांडणीतच तो जुना पिन किंवा आधीचे गुगल खाते मागतो. 2024 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 15 ने ही सोय आणखी घट्ट केली आहे. सुरुवातीची मांडणी युक्तीने ओलांडली, तरी ओळख पटेपर्यंत नवे खाते, नवे स्क्रीन लॉक किंवा नवे ॲप फोन स्वीकारत नाही. आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ ही हरवलेला फोन शोधण्याची सोय चालू असली की कुलूप लागलेलेच असते, आणि फोन सक्रिय होताना ॲपलच्या सर्व्हरकडे विचारणा होत असल्यामुळे संगणकाला जोडून तो पूर्ण पुसला तरी उपयोग होत नाही. आयओएस 18 पासून बॅटरी, कॅमेरा आणि डिस्प्ले यांनाही हे संरक्षण लागू झाले आहे. चोरीचे फोन सुट्या भागांसाठीही उघडले जातात, हे लक्षात घेता या बाबतीत मला आयफोनची व्यवस्था सरस वाटते.

आता खात्याबद्दल. आपल्या शहरात विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या घरांत पहिला स्मार्टफोन येतो, तेव्हा जीमेल खाते पुष्कळदा दुकानातला मुलगाच उघडून देतो. पासवर्ड त्याच्या मनाने ठरतो, तो कागदावर लिहून दिला जात नाही, आणि पुढे प्ले स्टोअर चालत राहिल्यामुळे त्या मावशींना आपले असे काही खाते आहे याचा पत्ताही नसतो. वर्ष-दोन वर्षांनी पॅटर्न विसरतो, भाचा रिकव्हरीतून रिसेट करतो आणि कुलूप त्याच दुकानात तयार झालेला ईमेल पत्ता मागत बसते. कुलूप आपले काम अचूक करत असते, पण त्याच्या दृष्टीने या घरात मालकच नसतो. म्हणून नवा फोन घेतानाच खाते स्वतःच्या मोबाइल क्रमांकाला जोडून घ्यावे, आणि पत्ता व पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. पासवर्ड विसरल्यामुळे तो नुकताच बदलला असेल, तर फोन रिसेट करण्यापूर्वी चोवीस तास थांबावे, अशी गुगलचीच सूचना आहे. घाई करणाऱ्याला ती माहीत नसते.

फोन विकणाऱ्याने सेटिंग्जमध्ये जाऊन आधी गुगल खाते काढावे आणि मग तिथूनच रिसेट करावे. आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडावे. घेणाऱ्याने काउंटरवरच फोन सुरुवातीपासून उघडून थेट मुख्य पडद्यापर्यंत नेऊन पाहावा, आणि आधीचे खाते मागणारा फोन कितीही स्वस्त मिळाला तरी परत करावा. ‘संध्याकाळी या, लॉक काढून ठेवतो’ या आश्वासनावर पैसे देऊ नयेत. काहीशे रुपयांत कुलूप तोडून देणारे भेटतात, पण फोन कोणाचा आहे हे न विचारता केलेले ते काम मला अजिबात मान्य नाही. शिवाय तसा फोन पुढच्या रिसेटला पुन्हा अडकू शकतो.

कुलपाची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावरच्या ‘गड्डा’ जत्रेच्या गर्दीत फोन गेला, तर त्यातले सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी मिळवता येतो आणि हे कुलूप त्याला आडवे येत नाही. म्हणून सर्वांत आधी सिम बंद करावे, पोलिसांत तक्रार द्यावी आणि त्या तक्रारीची प्रत घेऊन संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बंद करण्याची विनंती नोंदवावी. त्यानंतर तो फोन देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही. हा क्रमांक *#06# दाबल्यावर दिसतो आणि खोक्यावरही छापलेला असतो. जुना फोन घेतानाही तो उपयोगी पडतो. एसएमएसमध्ये KYM लिहून, जागा सोडून पंधरा अंकी आयएमईआय 14422 वर पाठवला की तो क्रमांक काळ्या यादीत आहे का, हे कळते. कुलूप उघडे असलेला फोनही या तपासणीत अडकू शकतो, त्यामुळे दोन्ही पाहणे गरजेचे आहे.

एका बाबतीत मात्र मी या सोयीला पूर्ण गुण देऊ शकत नाही. घरातला माणूस गेल्यावर त्याचा फोन पिनशिवाय उरतो आणि कुटुंबाला खाते ठाऊक नसते. मूळ खरेदीचा पुरावा दिल्यास कुलूप काढण्याची विनंती ॲपलकडे करता येते. अँड्रॉइडमध्ये मात्र फोन बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्रात जाऊन विचारावे लागते, आणि तिथेही पहिली मागणी बिलाचीच होते. पक्के बिल न घेता केवळ ओळखीवर घेतलेल्या फोनच्या बाबतीत ही वाटही उरत नाही.