टाकीसाठी ऊनो की ईएसपी३२?

आर्डुइनो ऊनो आणि ईएसपी३२ हे प्रोग्राम लिहून चालवायचे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड. पुण्यात तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, यातला एक घ्यायला गेलात तर आधी स्वतःला विचारा: वायफाय हवंय का? निम्मा निकाल तिथेच लागतो.

टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र मी दोन्हींवर केलंय. आर्डुइनो ऊनो आर३ वर ते एका दुपारी उरकलं. बोर्ड ५ व्होल्टचा, एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सरही ५ व्होल्टचा. चार वायरी जोडल्या, संपलं. वेग १६ मेगाहर्ट्झ, रॅम जेमतेम २ केबी, पण पाणी मोजायला आणखी लागतं किती? शिवाय चिप जळलीच तर सॉकेटातून काढून नवी बसवता येते. (स्वस्त क्लोनवर, म्हणजे नकली ऊनोवर, ती बऱ्याचदा सोल्डर केलेली असते, घेताना बघा.)

ईएसपी३२ दोन कोअरचा, २४० मेगाहर्ट्झपर्यंत पळणारा, वायफाय-ब्लूटूथ अंगभूत. टाकी भरली की मोबाइलवर कळतं, गच्चीवर चढायला नको. पण पिना ३.३ व्होल्टच्या. सेन्सरची 'एको' वायर, म्हणजे ५ व्होल्टचा सिग्नल बोर्डाकडे परत आणणारी, थेट लावू नका. १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा. दुसरी खोड जास्त छळते: अ‍ॅनालॉग रीडिंग, म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज मोजणाऱ्या पिनांचे दोन गट असतात, आणि वायफाय चालू असताना दुसऱ्या गटाच्या (एडीसी-२) पिनांवर ते मिळत नाही. कुंडीतल्या ओलाव्याचा सेन्सर जोडताना यात माझी अख्खी रात्र गेली. दोष मात्र बिचाऱ्या सेन्सरला देत बसलो होतो.

शाळकरी पोराच्या हातात पहिला बोर्ड द्यायचा तर ऊनोच. स्वतःसाठी मी आता ईएसपी३२ उचलतो.