तीस देऊन दहा : 'मास्टर ड्युएल' १४ महिन्यांनंतर

मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर मी 'मास्टर ड्युएल' या मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळात सात पत्ते मोडले. सातही यूआर, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचे. प्रत्येकाचे १० सीपी (नवे पत्ते बनवायला लागणारे गुण) आले, म्हणजे ७०. वहीत आधीचे २० शिल्लक होते. त्या ९० मधून 'ॲश ब्लॉसम'चे तीन पत्ते बनवले आणि शिलकेच्या रकान्यात शून्य लिहिलं. मोडलेल्यांपैकी एक पत्ता मला खेळ सुरू केल्यानंतर पहिल्याच आठवड्यात लागला होता. त्याचा डेक, म्हणजे खेळायचा संच, कधी झाला नाही, तो कधी हातात आला नाही, तरी १४ महिने जपून ठेवला होता. तो गेल्याचं वाईट वाटलं, म्हणून लिहायला बसलो.

४० पत्त्यांचा डेक, ८००० लाइफ पॉइंट, हातात पाच पत्ते, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं धरतो. २०२२ च्या जानेवारीत आलेला हा खेळ आहे, त्याची ओळख बऱ्याच जणांनी लिहिली आहे. मला बोलायचंय ते पत्ता मोडण्याच्या भावाबद्दल. इतर कुणी त्यावर दोन ओळींच्या पुढं जात नाही, आणि माझ्या मते सगळा खेळ तिथंच आहे.

भाव असा. यूआर पत्ता बनवायला ३० सीपी लागतात. तोच पत्ता मोडला तर १० मिळतात. चकाकीचा म्हणजे ग्लॉसी असेल तर १५, त्याहून झळाळीचा म्हणजे रॉयल असेल तर पूर्ण ३०. पण रॉयल लागतात कितीजणांना? साध्या माणसाकडं साधेच पत्ते असतात, म्हणजे तीन मोडायचे तेव्हा एक उभा राहतो.

मी बेळगावच्या शहापुरात सोनारकाम करतो, वडिलांपासून. आमच्याकडं गिऱ्हाईक जुना डाग, म्हणजे दागिना, घेऊन येतं. आम्ही वजन करतो, कसोटीवर घासतो, टंच बघतो, मग त्याच्या डोळ्यांदेखत मुशीत घालून आटवतो. डाकाचा (सांध्याचा) भाग आणि मळ जातो, तेवढी घट धरायची. ती घट गुंजभर इकडं तिकडं झाली तरी तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक उठून पलीकडच्या पेढीवर जातं. जावंच. तीन तोळे घ्यायचे आणि एक तोळा हातावर ठेवायचा, असा भाव लावणारा सराफ आमच्या गल्लीत एक दिवाळीसुद्धा बघणार नाही. त्यामुळं पहिल्यांदा पत्ता मोडून १० आकडा बघितला तेव्हा मी खेळ बंदच केला होता. चार दिवस उघडला नाही.

भाचा उद्यमबागेत कॉलेजला आहे, मूळचा खानापूरचा, माझ्याकडंच राहतो. खेळ त्यानंच गेल्या वर्षीच्या दसऱ्याला माझ्या मोबाइलवर घालून दिला. तो म्हणाला, "मामा, फुकटचं आहे की ते. फुकटात कसली घट बघताय?"

मी म्हटलं, "फुकट कसं? त्यात माझ्या रात्री गेल्यात."

हे माझं आजही तसंच मत आहे. पैसे घातले नाहीत म्हणून काहीच घातलं नाही असं होत नाही. मी चौदा महिन्यांत एक रुपया दिलेला नाही, देणारही नाही. पण रोजची मिशन्स, सोलोतले (एकट्यानं खेळायचे) दरवाजे, इव्हेंट यातून एकेक जेम, म्हणजे खेळातलं नाणं, गोळा केलाय, आणि प्रत्येकाची नोंद दुकानातल्या जुन्या लाल बासनाच्या वहीत आहे. डावीकडं जेम्स, उजवीकडं सीपी. यूआर आणि त्याखालच्या दर्जाचे एसआर यांचे रकाने वेगळे, कारण एसआरचे सीपी यूआरला चालत नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चांदी आटवून सोनं होत नाही.

भाच्यानं सुरुवातीलाच एक शहाणपण शिकवलं, ते नव्या माणसासाठी इथं सांगतो. दिसेल तो पॅक फोडायचा नाही. आपल्याला कुठल्या कुळाचा, म्हणजे एकमेकांना धरून चालणाऱ्या पत्त्यांच्या गटाचा, डेक करायचाय ते ठरवायचं, त्या कुळाचा एक एसआर पत्ता बनवायचा, की त्याचा सीक्रेट पॅक २४ तासांसाठी उघडतो. १०० जेम्सला एक पॅक, त्यात आठ पत्ते, त्यातले चार त्या कुळाचे. मी १००० जेम्स साठल्याशिवाय हातच लावत नाही, कारण दहा एकदम घेतले की निदान एका एसआरची हमी असते. पहिल्या महिन्यात मी हे न ऐकता सुटे पॅक फोडले, आणि आठ वेगवेगळ्या कुळांचा एकेक यूआर घेऊन बसलो. मंगळवारी मोडले ते त्यातलेच.

डेक मी 'सलामंग्रेट'चा केला. स्वस्तात होतो हे एक कारण, आणि दुसरं कारण आगीचं. हे सगळे आगीतले प्राणी. यांची खुबी अशी की मैदानात उभा असलेला 'सनलाइट वुल्फ' एकटा मुशीत घालायचा आणि त्यातून दुसरा 'सनलाइट वुल्फ' काढायचा. त्याच नावाचा, पण अंगात जास्त बळ असलेला. त्यासाठी 'सँक्च्युअरी' हा मैदानाचा पत्ता लागतो, आणि तो 'बेलिंक्स' आणून देतो. म्हणजे एक आटवला, एक निघाला, घट शून्य. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी बत्तीसमोर बसलो होतो, समोर खरीच मूस होती, आणि अंगावर काटा आला. ज्या कुणी ही कल्पना काढली त्याला आमचं काम कळलंय असं वाटलं. ज्या खेळाच्या पत्त्यांत आगीतून डाग जसाच्या तसा परत येतो, त्याच खेळाच्या बाहेरच्या दुकानात तिनाचा एक मिळतो, हे मला आणखीच लागतं.

आणि या डेकाचा शत्रू म्हणजे 'ॲश'. मी 'गझेल' उतरवला की तो डेकमधला एक पत्ता खाली, वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगात, पाठवतो, तिथून माझं सगळं चालू होतं. समोरचा हातातून 'ॲश' टाकतो, तो परिणाम रद्द, आणि मी एका 'गझेल'वर बसून राहतो. वर्षभर हे सोसलं. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात 'ॲश', माझ्याच हातात नाही. ३० चा एक, तिघांचे ९०. भाचा रोज म्हणायचा, "मोडा की मामा ते निकामी पत्ते." मी म्हणायचो, तीस देऊन दहा घेणार नाही.

आता मत का बदललं ते सांगतो, कारण अर्धं तरी बदललंय.

श्रावणात मनाई यादी बदलली. यादी कशी चालते ते खेळणाऱ्यांना माहीत आहे. काही पत्ते पूर्ण बंद, काही एकच ठेवायचा, काही दोन. माझ्याकडचा एक यूआर त्यात आला. मी चिडून तो मोडायला गेलो, म्हटलं घालवलाच तर दहा तरी घेऊ. तर समोर ३० लिहिलेलं. दोनदा मागं जाऊन परत उघडलं. तीसच. मग भाच्यानं सांगितलं, यादीत नव्यानं अडकलेला पत्ता ठरावीक दिवसांत मोडला तर वाढीव सीपी मिळतात. म्हणजे खेळानं स्वतः नियम बदलून माझ्या मालाची किंमत पाडली, तर पाडलेली किंमत त्यानंच भरून दिली. हे मला पटलं. बाजारात इतकं कोण करतं? सरकारनं एखादी नोट बंद केली तर बदलून देतं तसंच, पण इथं रांग नाही. त्या रात्री वहीत मी पहिल्यांदा 'घट नाही' असं लिहिलं.

दुसरी गोष्ट मोबाइलची. आषाढात खानापूरहून येताना पावसात सापडलो. आमच्याकडचा पाऊस सांगायला नको, जांबोटी, खानापूर भागात छत्रीला अर्थ राहत नाही. मोबाइल आतल्या खिशात होता तरी पाणी शिरलं. दुरुस्तीला टाकला. दुकानदार म्हणाला बोर्ड गेलंय, आतलं सगळं जाणार, पाचशे ॲडव्हान्स. १९ दिवस 'उद्या या' ऐकलं. शेवटी न दुरुस्त करताच परत दिला आणि ॲडव्हान्समधले ३५० 'बघण्याचे' म्हणून कापले. मी म्हटलं, माझ्याकडं गिऱ्हाईक अंगठी दाखवायला आलं तर मी बघण्याचे पैसे घेत नाही. तो म्हणाला, ते तुमचं, हे आमचं. बरंच बोलणं झालं, गर्दी जमली. पैसे मिळाले नाहीत ते नाहीतच.

त्या १९ दिवसांत मी खेळ गेला असंच धरलं होतं. आठ महिन्यांची वही नुसती कागदाची राहिली म्हणून एकदा ती माळ्यावरही टाकली. मग भाच्याला आठवलं की दसऱ्यालाच त्यानं खातं कोनामी (खेळ काढणारी कंपनी) आयडीला जोडून ठेवलं होतं. रात्री त्याच्या लॅपटॉपवर खेळ उतरवला, आयडी घातला. मी वही खाली काढली आणि ओळ वाचत गेलो, तो पडद्यावर बघून 'हाय' म्हणत गेला. जेम्स बरोबर. यूआरचे सीपी बरोबर. एसआरचे बरोबर. ग्लॉसी 'हीटलिओ' हा पत्ता जागच्या जागी. एका आकड्याचा फरक नाही. साडेअकराला सुरू केलेलं ताळेबंदाचं काम एकला संपलं, आणि आम्ही दोघांनी सकाळसाठी आणलेला कुंदा तेव्हाच संपवला. नव्या माणसाला माझी एकच विनंती, बाकी काही करू नका पण पहिल्या दिवशी हे जोडून ठेवा.

लॅपटॉपवर खेळल्यावर आणखी एक कळलं. मोबाइलवर पत्त्यावरचा मजकूर फारच बारीक दिसतो. मी भिंग लावून काम करणारा माणूस, मलाही त्रास होतो. मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजीतच वाचावं लागतं. पण ते इंग्रजी नीट शिस्तीत लिहिलेलं असतं. दोन टिंबांच्या आधी असते ती अट. अर्धविरामाच्या आधी येतं ते तुम्हाला आधी करायचं काम, बहुतेक वेळा द्यायची किंमत. त्यानंतर परिणाम. समोरच्यानं परिणाम रद्द केला तरी दिलेली किंमत परत येत नाही. हे कळायला मला तीन महिने लागले, आणि कळल्यावर निम्म्या हारा थांबल्या. पावती वाचता येते त्याला पत्ता वाचता येईल.

नाणं उडवून पहिली खेळी ठरते, त्यावर लोक फार रडतात. पहिली खेळी मिळालेल्याचा फायदा होतो हे खरं. काहीजण नाणं हरले की तिथंच डाव सोडून जातात. मला त्यात फारसं वाटत नाही. डाव एकच असतो, दहा मिनिटांत दुसरा मिळतो. डेक नसलेल्यांना कित्येक इव्हेंटमध्ये खेळच उसना डेक देतो, हे मात्र चांगलं आहे. परक्याच्या हत्यारानं काम करून बघितलं की आपल्या हत्याराची किंमत कळते.

मग मंगळवारी मोडले का? कारण आठवडाभर प्लॅटिनम या पायरीवर अडकलो होतो आणि सोमवारी लागोपाठ चार डाव 'ॲश'नं घालवले. चौथ्यानंतर वही उघडून हिशेब केला. सात पत्ते वर्षाहून जास्त पडून होते, त्यांचा डेक होणार नव्हता. गिऱ्हाइकाला मी स्वतः सांगतो, वापरात नसलेला डाग कपाटात ठेवून सोनं वाढत नाही. पण २/३ घट मी आयुष्यात कुणाला लावली नाही, आणि ती सात वेळा सोसताना हात जड झाला. यादीतल्या पत्त्याला ३० देता येतात तर पडून असलेल्या पत्त्याला १५ तरी द्यावेत. २० मी मागत नाही.

तीन 'ॲश' एकेक करून बनवल्या. पहिली साधी. दुसरी साधी. तिसरी बनवताना भाचा शेजारून ओरडला, मला आधी काय ते कळलंच नाही. पत्त्यावरून सोनेरी झळाळी फिरत होती. बनवताना क्वचित रॉयल निघतो असं ऐकलं होतं, माझ्या हातून कधी निघाला नव्हता. भाचा म्हणाला, "मामा, हा मोडला तर तीसच्या तीस परत येतात."

मी वहीत नोंद केली. ॲश ब्लॉसम, रॉयल, १. पुढं लाल पेनानं लिहिलं, मोडायचा नाही.