टायरगाडीचा बेअरिंग आख: दुकानात गरगर फिरणाऱ्या चाकाला भुलू नका

निपाणी, चिकोडी, अथणीकडे उसाच्या टायरगाडीचा बुशाचा आख (ज्यात चाक धातूच्या नळीवर घासत फिरतं) काढून टेपर रोलर बेअरिंगचा (निमुळत्या रोलरवर फिरणारा) तयार आख घालायचा विचार असेल, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. आख घेण्यासारखा आहे. मात्र ‘चाक हलकं फिरतं, म्हणून बैलांची ओढ कमी होते’ असं सांगून तो विकला जातो, ते कारण अर्धंच खरं आहे.

विकणारा चाक उचलून झटका देतो आणि चाक फिरतच राहतं. त्या वेळी चाकावर ना भार असतो, ना टायर जमिनीला टेकलेला असतो. बैलाची ताकद जिथे जाते, नेमकी तीच जागा यात दिसत नाही. उलट नव्या आखाचं चाक फारच वेळ फिरलं, तर सील (ग्रीस आत आणि पाणी-चिखल बाहेर ठेवणारं कडं) बसवलंय का ते आधी बघा. चांगल्या सीलची कड थोडी घासतेच.

हिशोब मांडू. गाडी आणि ऊस मिळून 2500 किलो, आखाची जाडी 50 मिमी, 8.00-19 टायरचं चाक साधारण 88 सेंमी. वंगण बरं असलेल्या बुशात घर्षण भाराच्या दहाव्या हिश्श्याएवढं धरा. चाक आखाच्या सतरा-अठरा पट मोठं, म्हणून जुवावर त्याची ओढ तेवढ्याच पटीने कमी, म्हणजे सुमारे 14 किलो येते. बेअरिंगमध्ये ती अर्धा किलोही नसते. बचत खरी आहे. पण डांबरी रस्त्यावर हवा नीट असलेला टायर एकटाच भाराच्या 2 टक्के, म्हणजे 50 किलो ओढ मागतो. हवा उतरून हा आकडा 3 टक्क्यांवर गेला की 75 किलो. बेअरिंगने वाचवलेले 14 किलो गेले आणि वर 11 किलोचा भुर्दंड बैलांवर पडला.

असं का होतं? चाक टेकलेल्या जागी घसरत नाही, म्हणून तिथल्या घर्षणात ताकद वाया जात नाही. ती जाते रबर दबण्यात. टायर पुढे दबतो, मागे सुटतो, पण दाबताना घेतलेलं सगळं सुटताना परत देत नाही. उरलेलं उष्णता होऊन जातं. एका चाकावर 1250 किलो आणि 50 पौंड हवा असेल तर टायर साधारण 355 चौरस सेंमी जागेवर टेकतो, 25 पौंडावर त्याच्या दुप्पट. जेवढा जास्त रबर दबेल, तेवढी जास्त नासाडी. म्हणून टायरच्या अंगावर लिहिलेला भार आणि हवेचा आकडा वाचा, आणि आठवड्यातून एकदा गेज लावा. लाथ मारून हवा कळत नाही.

फडातल्या ओल्या काळ्या रानात सगळंच बदलतं. चाक रुततं, ओढ भाराच्या 10 टक्क्यांवर, म्हणजे 250 किलोवर जाते. चारशे-चारशे किलोची जोडी सलग 80 ते 100 किलो ओढते. तिथे कुठलंही बेअरिंग कामाचं नाही. मोळ्या कमी भरा, नाहीतर रस्त्यापर्यंत दुसरी जोडी लावा. बैलांच्या मानेवर हा हिशोब ढकलू नका.

आता आख. तपासलेल्या आखात आतल्या बाजूला 30208 आणि बाहेर 30206 बेअरिंग आहे, वर खाचांचा नट, स्प्लिट पिन आणि टोपण. ओतकाम आणि लेथकाम नीट आहे. उणीव सीलमध्ये आहे. एकाच ओठाचं (घासणाऱ्या कडेचं) सील दिलंय, ते ओढ्यातलं पाणी आणि चिखल अडवत नाही. आख घेतानाच दोन ओठांचं घालून मागा.

बसवताना चाक फिरवत फिरवत नट हाताला जड लागेपर्यंत आवळा. मग एक खाच मागे घ्या आणि नवी स्प्लिट पिन घाला. चाक हलवून पाहिल्यावर जेमतेम जाणवेल इतकाच ढिलेपणा हवा. जास्त आवळला तर रोलरची टोकं झिजतात, सैल ठेवला तर चाक डुगडुगतं आणि सील आधी जातं. एपी-3 ग्रीस बेअरिंगमध्ये बोटाने दाबून पूर्ण भरा. हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) पोकळीत मात्र तिसरा हिस्साच पुरे.

हंगाम संपला की गाडी दगडावर उचलून ठेवा. खानापूरकडच्या पावसात उघड्यावर सोडू नका. दसऱ्याच्या सुमाराला टोपण काढा. ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. बेअरिंग धुऊन रोलर नखाने चाचपा, खड्डा लागला की बदला.

एक गोष्ट या आखासोबत मिळत नाही, ती म्हणजे ब्रेक. चाक हलकं झालं की 50 फुटांत 1 फुटापेक्षा थोडा जास्त उतार लागला तरी भरलेली गाडी स्वतःहून सरकायला लागते. 20 फुटांत 1 फूट उतारावर टायरची ओढ वजा जाऊनही सुमारे 75 किलोचा रेटा बैलांच्या मानेवर येतो. हाताने फिरवायचा स्क्रू ब्रेक दोन्ही चाकांना बसवल्याशिवाय पहिली खेप भरू नका.