बीप वाजली म्हणून रेडिओचा ट्रान्सफॉर्मर घेऊ नका

आकाशवाणीचे इंदूर केंद्र 1955 साली सुरू झाले. त्या काळचे व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे) रेडिओ सेट इथल्या मराठी घरांत माळ्यावर अजून सापडतात, आणि आजोबांचा सेट पुन्हा बोलता करायला निघालेला माणूस पहिला फसतो तो ट्रान्सफॉर्मरमध्ये. आम्हीही फसलो. दुकानदाराने मल्टिमीटर लावून प्रत्येक वाइंडिंगची (तारेच्या गुंडाळीची) बीप ऐकवली, ‘250-0-250, 80 मिलिअँपिअर’ (मधल्या टोकापासून दोन्हीकडे 250 व्होल्ट) ही चिठ्ठी दाखवली. आत टर्न, म्हणजे तारेचे फेरे, एकमेकांत शॉर्ट होते आणि जळकेपणा झाकायला वरून ताजे वार्निश मारले होते. माल परत घेतला गेला नाही.

बीप वाजली म्हणजे तार तुटलेली नाही, एवढेच. हजारो फेऱ्यांतले दहा-वीस एकमेकांना चिकटले, तर रोध जेमतेम एक-दोन ओहमने उतरतो. मीटरवर तो फरक कळत नाही. पण ते चिकटलेले फेरे म्हणजे शॉर्ट केलेली सेकंडरीच (वीज बाहेर देणारी गुंडाळी). लोड नसतानाही ट्रान्सफॉर्मर तापत राहतो. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) किंवा तो डीसी सपाट करणारा फिल्टर कंडेन्सर शॉर्ट झालेला असताना सेट चालू ठेवला, की बहुधा हेच होते.

खरी परीक्षा सिरीज बोर्डावर. 40 वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब (एलईडी चालत नाही) प्रायमरीच्या (मेनला जोडायच्या गुंडाळीच्या) सिरीजमध्ये घ्यावा, सेकंडरीची सगळी टोके मोकळी आणि एकमेकांपासून लांब ठेवावीत. एचटीच्या (हाय टेन्शन, म्हणजे जास्त व्होल्टच्या सेकंडरीच्या) दोन टोकांत 500 व्होल्ट असतात, हात लावू नये. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा मंद लाल राहिला तर ठीक. लख्ख पेटला तर ट्रान्सफॉर्मर गेलेला आहे. दुकानदार बोर्डावर लावू देत नसेल, तर घेऊच नये.

चिठ्ठी कोणीही चिकटवू शकतो. दुसऱ्या चांगल्या ट्रान्सफॉर्मरचे 12 व्होल्ट एसी 230 व्होल्टच्या प्रायमरीला द्यावेत. मग एचटीच्या प्रत्येक अर्ध्यावर सुमारे 13 व्होल्ट, व्हॉल्व्हच्या फिलामेंटसाठीच्या 6.3 च्या वाइंडिंगवर 0.33 आणि 5 च्या वाइंडिंगवर 0.26 दिसले पाहिजेत. एचटीच्या दोन अर्ध्यांचा रोध थोडा वेगळा येतो. बाहेरच्या फेऱ्यांना तार जास्त लागते, तो दोष नव्हे. कोअरही (आतला लोखंडी गाभा) मोजावा. 80 मिलिअँपिअर एचटी आणि फिलामेंट मिळून 50 वॅटच्या आसपास जातात, त्याला मधल्या दांड्याची रुंदी गुणिले पत्र्यांच्या थप्पीची जाडी सुमारे 8 चौरस सेंटिमीटर हवी. 25 बाय 25 मिलिमीटरचा कोअर 30 वॅटच्या पुढे तापणारच.

‘सेटमधून आत्ताच काढलाय’ असे सांगितले, तर त्या सेटचे व्हॉल्व्ह विचारावेत. यूसीएच81, यूएल84, यूवाय85 अशी नावे आली तर सावध व्हावे. त्या सेटमध्ये फिलामेंट मेनवरच सिरीजमध्ये जोडलेले असतात, असा मेन ट्रान्सफॉर्मर त्यात नसतोच.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरची (शेवटचा व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या) लबाडी आणखी वाईट, कारण आवाज येतो आणि शंका येत नाही. 230 ते 6 व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर 4 ओहमच्या स्पीकरला जोडला की प्रायमरीला सुमारे 5,900 ओहम दिसतात; ईएल84 या आउटपुट व्हॉल्व्हला हवे असतात 5,200. गणित जवळपास जुळते. पण एका व्हॉल्व्हच्या आउटपुटमध्ये 48 मिलिअँपिअर डीसी सतत वाहतो. साध्या ट्रान्सफॉर्मरचे स्टॅम्पिंग (‘ई’ आणि ‘आय’ आकाराचे कोअरचे पत्रे) आलटून-पालटून भरलेले असते, फट नसते. कोअर चुंबकत्वाने भरून जातो, खर्ज नाहीसा होतो, आवाज फाटतो. अस्सल मालात सगळे ‘ई’ एका बाजूला, सगळे ‘आय’ दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाची पट्टी असते. माल घेण्याआधी ती पट्टी डोळ्यांनी पाहावी.