गादीखालचा झोपेचा सेन्सर : मॅट बरी, पण ती वायर!

आधी वायरचं सांगते, कारण डोकं तिथेच फिरलंय. गादीखाली ठेवून झोपेतला श्वास आणि घोरणं टिपणाऱ्या ह्या मॅटला वायर कायमची चिकटवलेली आहे, सुटी होत नाही. मुंबईत पलंग म्हणजे पेटी. आमच्या भांडुपच्या घरात रजया, पाहुण्यांच्या उशा, गणपतीच्या मखराचं सामान सगळं त्या पेटीत. दर वेळी फळी उचलली की वायर बिजागरीपाशी चेपते. दसऱ्याला पेटी उघडली आणि मॅटचा दिवा जो गेला तो गेलाच. सर्व्हिस सेंटरवाल्याने टॉर्च मारून चेपलेला भाग पाहिला. "मॅडम, फिजिकल डॅमेज. वॉरंटीत बसत नाही." वायर तेवढी बदलून द्या म्हटलं, तर अख्खी मॅट नवी घ्या म्हणे. अहो, शंभर रुपयांच्या चार्जरचीसुद्धा वायर सुटी निघते!

मॅटच्या कामाबद्दल मात्र वाईट बोलवत नाही. आमची खिडकी रुळांकडे, गाडी गेली की कपाटातली भांडी वाजतात. म्हटलं, आलेखात ह्यांच्या श्वासाऐवजी सेंट्रल रेल्वेच उमटणार. पण तसं झालं नाही. माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20, गाडीचा थरथराट त्याच्या कितीतरी पट भरभर, त्यामुळे तो वेगळा काढता येत असावा. जुन्या कापसाच्या गादीखाली मात्र काही धड कळेना, फोमच्या गादीखाली ठेवल्यावर रेषा स्वच्छ आली. भाची मध्ये झोपली त्या रात्रीचा आलेख म्हणजे नुसती खिचडी.

झोपेत श्वास अडण्याचा ह्यांचा त्रास (स्लीप ॲप्निया) मॅट रोज 'सौम्य' म्हणायची. घोरणं ऐकून माझा विश्वास बसेना, म्हणून घरीच स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभराची झोपेची तपासणी, करवली. तिथे माझं मत बदललं. टेक्निशियनने छातीला आणि पोटाला एकेक पट्टा बांधला. पट्ट्यात नागमोडी तार शिवलेली असते, छाती फुगली की तिचा इंडक्टन्स नावाचा विद्युत गुणधर्म बदलतो आणि त्यावरून हालचाल कळते. घसा मिटल्यामुळे श्वास अडला तर छाती-पोट धडपडत राहतात, अगदी एकमेकांच्या उलट हलतात. मेंदूकडूनच हुकूम आला नाही तर दोन्ही पट्टे गप्प. हा फरक गादीखालून आमच्या मॅटला कुठला कळायला! नाकात हवेचा दाब मोजणारी नळी होती, पण हे झोपतात तोंड उघडं टाकून आणि तोंडातला श्वास त्या नळीला समजत नाही. म्हणून ओठांपाशी श्वासाची ऊब टिपणारा सेन्सर वेगळा. बोटाला ऑक्सिजनची क्लिप. ह्यांची कुरकुर एवढीच, की पंखा बंद करायला लावू नका.

श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा बराच उथळ होऊन ऑक्सिजन उतरला, की एक घटना धरतात. तासाला 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. ह्यांचा आकडा आला 24. त्यावरही डॉक्टरबाई म्हणाल्या, घरच्या तपासणीत डोक्याला मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या तारा नसतात, झोप कधी लागली ते कळत नाही, त्यामुळे नुसतं पडून राहिलेला वेळही भागाकारात जातो. खरा आकडा जास्त असू शकतो. म्हणजे मॅटचं 'सौम्य' वाचून गप्प बसले असते तर?

तरी मी तिला टाकाऊ म्हणणार नाही. रोज सकाळी घोरण्याचे लाल पट्टे समोर दिसले म्हणून तर हे डॉक्टरकडे यायला तयार झाले. माझ्या सांगण्याने कधी आले नसते.

वायर शेवटी स्टेशनबाहेरच्या मोबाइलवाल्याने कापून मध्ये पिन बसवून दिली. दीडशे रुपये. आता फळी उचलायच्या आधी पिन काढते. कंपनीच्या इंजिनियरांना हे का सुचू नये?

पेटीचा पलंग असेल तर घेण्याआधी वायर कुठून जाणार ते बघा. आणि सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, आधीच लागलं असेल तर मॅट घेऊच नका. ते मशीन हवेच्या प्रवाहावरून उरलेल्या घटना स्वतःच मोजतं आणि रोज सकाळी आकडा दाखवतं. मॅटचं ॲप आता वर्षाची वर्गणी मागतंय, नाहीतर जुने आलेख दिसणार नाहीत म्हणे. मी काही भरणार नाही.