सॉफ्टवेअर चांगलं होतं, म्हणून मी बिल वाचलं नाही

कऱ्हाडची एक मैत्रीण माझ्यासारखंच घरून डीटीपी करते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "ताई, तुम्ही ते पानं वाचणारं सॉफ्टवेअर वापरता ना? मी पण घेऊ का?" हो म्हणावं की नको, मला ठरवता येईना. सॉफ्टवेअर खरंच चांगलं आहे आणि त्याच कंपनीने मला फसवलंही आहे. म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते.

२०२५च्या जूनमध्ये आमच्या भागातल्या एका वाचनालयाचं काम आलं. त्यांच्या जुन्या स्मरणिका, खिळ्यांच्या छपाईतल्या, पिवळ्या पडलेल्या, युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येतील अशा अक्षरांत करून द्यायच्या होत्या. हाताने टाइप करायचं म्हटलं तर दोन-तीन महिने गेले असते. मग हे सॉफ्टवेअर सापडलं. पान स्कॅन करून टाकलं की मजकूर बाहेर येतो. फुकटची साधनंही मी वापरून पाहिली होती, पण त्यात रफार गळतात, 'द्ध'चा 'ध्द' होतो, दोन कॉलमचा मजकूर एकमेकांत मिसळतो. याने पहिलंच पान असं काढलं की प्रूफ तपासताना फक्त सहा चुका निघाल्या. इतकं नेटकं काम करणारे लोक हिशेबातही सरळ असतील, असं मी तिथेच धरून चालले.

सात दिवस मोफत होते. ठळक अक्षरात 'आज भरायचे ०' आणि त्याखाली 'दरमहा १२ डॉलर'. महिन्याला हजार-अकराशे रुपये, परवडण्यासारखं होतं. कार्ड नंबर टाकला, ओटीपी आला, टाकला. दोन रुपये कापून लगेच परत आले. आठव्या दिवशी खात्यातून १४४ डॉलर गेले. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहाराचं साडेतीन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. सगळं मिळून जवळपास १२,९०० रुपये. माझा टाइपिंगचा दर पानाला ३० रुपये आहे. म्हणजे ४३० पानांची मजुरी एका झटक्यात गेली.

किमतीचं ते पान पुन्हा उघडून पाहिलं. '१२ डॉलर'च्या खाली फिकट राखाडी अक्षरात 'वार्षिक आकारणी' असं होतं. होतं, हे मी मान्य करते. पण ज्याला आपली अट ग्राहकाने वाचावी असं वाटतं तो ती पांढऱ्यावर राखाडी छापत नाही. आयुष्यभर अक्षरांचंच काम केलंय मी. कोणता मजकूर वाचला जावा म्हणून मांडलाय आणि कोणता डोळ्यांआड जावा म्हणून, एवढं मला कळतं.

खरी चूक मात्र ओटीपीच्या मेसेजमध्ये सापडली. तो ओटीपी दोन रुपयांचा नव्हता, ई-मॅन्डेटचा, म्हणजे पुढे आपोआप पैसे कापायच्या मंजुरीचा होता. 'कमाल रक्कम १५,०००' असं त्यात लिहिलेलं होतं आणि मी फक्त सहा आकडे पाहिले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून वारंवार कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी सुरुवातीला एकदा अशी मंजुरी द्यावी लागते. त्यानंतर ठरावीक मर्यादेपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. ही मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२मध्ये १५,००० झाली. १४४ डॉलर त्यात आरामात बसले. पैसे जाण्याआधी किमान २४ तास बँकेने कळवायचं असतं, तसं कळवलंही होतं. मी साखरपुड्याच्या गडबडीत होते, कर्जाच्या आणि सेलच्या मेसेजांत तो मेसेज बुडाला.

बँकेत गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, ओटीपी तुम्हीच दिलाय, हा अनधिकृत व्यवहार होत नाही." कंपनीने उत्तर दिलं की वार्षिक रक्कम परत मिळत नाही, अटींमध्ये लिहिलेलं आहे. घेताना एक बटण पुरलं होतं. रद्द करताना चार पडदे लागले: कारण सांगा, अर्ध्या किमतीत घ्या, थांबा, आमच्या माणसाशी बोला. एवढं करून फक्त पुढच्या वर्षीचं नूतनीकरण थांबलं.

तेव्हा मी एक निर्णय घेतला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पैसे गेलेच आहेत तर वर्षभर वापरून घेऊ, असं ठरवलं. काम इतकं छान होत होतं की राग हळूहळू निवला.

ऑगस्टमध्ये महिन्याची ५०० पानांची मर्यादा ओलांडली गेली. काम थांबलं नाही, सूचना आली नाही. बँकेचा मेसेज आला की उद्या २७ डॉलर कापले जातील. या वेळी मी तो वेळेत पाहिला, पण घाबरून कंपनीला मेल लिहीत बसले. त्यांचं उत्तर चौथ्या दिवशी आलं आणि पैसे दुसऱ्याच दिवशी गेले होते. मॅन्डेट बँकेकडे असतं, ते तिथेच थांबतं. बँकेच्या त्या मेसेजमध्येच नकार द्यायची सोय होती. माझ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या विभागात ई-मॅन्डेटची यादी मिळाली, ओटीपी टाकून तीन मिनिटांत ते रद्द झालं. त्या यादीत माझ्या विसरलेल्या आणखी दोन वर्गण्या निघाल्या. यूपीआय ऑटोपेचंही असंच आहे, ज्या अ‍ॅपमधून मंजुरी दिली तिथे जाऊन ती काढता येते. मोबाइलमधून नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही.

जादा पानं आपोआप विकत घेण्याची संमती मी दिली होती, असं कंपनीचं म्हणणं. ती चौकट आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली होती. इथे मात्र मला धरायला जागा मिळाली. ग्राहक संरक्षणाच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशी आधीच खूण केलेली चौकट संमती ठरत नाही, आणि भारतात नियमितपणे माल वा सेवा विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही ते नियम लागू आहेत. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला 'डार्क पॅटर्न'विषयी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविषयी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या १३ प्रकारांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप', म्हणजे वर्गणीचा सापळा आहे आणि सॉफ्टवेअरच्या अशा गुपचूप वसुलीचा वेगळा प्रकारही आहे. तुम्ही धंद्यासाठी घेतलंत म्हणून ग्राहक नाही, असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यापुरत्या घेतलेल्या वस्तूसाठी २०१९चा कायदा आपल्याला ग्राहकच मानतो, त्याचा आधार घेता येतो.

हे सगळं मेलमध्ये लिहिलं, चौकटीचा स्क्रीनशॉट जोडला, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही दिला. बारा दिवसांनी २७ डॉलर परत आले, बँकेचं शुल्क सोडून. १४४ डॉलर आले नाहीत. किमतीच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट मी सुरुवातीला घेतला नव्हता, आणि मी पुन्हा पाहिलं तेव्हा राखाडी का होईना, ती ओळ तिथे होती.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग पहिल्याच दिवशी रद्द करून सात दिवस वापरलं तर?" चालेल, बहुतेक ठिकाणी मुदत संपेपर्यंत वापरता येतं. पण त्याआधी दोन ओळींचा मेल टाक, म्हटलं: वर्षाचे एकदम कापता का, आणि पानांची मर्यादा संपली की काम थांबतं की जादा पैसे कापले जातात? लेखी उत्तर आल्याशिवाय कार्ड काढू नकोस.

तिने मेल टाकला. पाच दिवस झाले, उत्तर नाही. तिच्याकडे दिवाळी अंकाची साठ पानं अडकली आहेत. माझं वर्ष जूनपर्यंत भरलेलं आहे, कार्ड काढून टाकलंय, आणि झालेली पानं मी वहीत मोजते, ४८०वर थांबते. या महिन्यात अजून शंभरेक पानांना जागा आहे. तिला म्हटलं, स्कॅन पाठव, मी काढून देते.