सुटातला कोट सुटा घालावा का? कापडांच्या पोतांची जुळवाजुळव

निळा कोट आणि करडी पँट, इथपर्यंत बहुतेकांचं ठरलेलं असतं. अडतं ते त्यापुढे. रंग जुळलेले असतात, माप नीट बसलेलं असतं, तरी आरशात काहीतरी खटकतं आणि खापर रंगावर फुटतं. अशा वेळी मी आधी कापडाच्या पोताकडे बघतो.

पहिला पेच कोटाचा. घरात सूट आहेच, तर त्यातलाच कोट दुसऱ्या पँटवर घालावा, की वेगळा शिवून घ्यावा? सुटाचं कापड बहुधा वर्स्टेड असतं. त्यात लोकरीचे लांब तंतू विंचरून एका दिशेने सरळ केलेले असतात, म्हणून कापड नितळ आणि किंचित चमकदार दिसतं. खाली त्याच कापडाची पँट असेपर्यंत हे शोभतं. दुसरी तितकीच नितळ पँट घातली की जोडी फुटल्यासारखी वाटते. मी एका समारंभाला असा गेलो होतो. सुटाची पँट कुठे राहिली, असं दोघांनी विचारलं. हॉपसॅकच्या कोटाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याच्या विणीत दोन किंवा अधिक धागे एकत्र वरखाली जातात, टोपलीच्या विणीसारखे. बारीक चौकटी दिसतात, हवा खेळती राहते, आणि रंग सुटासारखाच गडद निळा असला तरी कोट स्वतंत्र वाटतो. मोकळ्या विणीत धागे अडकून ओढले जातात, हा तोटा मात्र आहे. घड्याळाचा पट्टा खरखरीत असेल तर जपा. एकच कोट घ्यायचा असेल तर मी डोळे झाकून हॉपसॅक घेईन.

‘सुपर १५०’ वगैरे आकड्यांवर इथे भाळू नका. आकडा तंतूच्या बारीकपणाचा असतो. सुपर १०० म्हणजे जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सुपर १५० म्हणजे १६.२५. तंतू जितका बारीक, तितकं कापड सहसा तलम आणि तुकतुकीत, म्हणजे सुट्या कोटाला जे नको तेच.

आता पँट. फ्लॅनेल की वर्स्टेड? पारंपरिक फ्लॅनेलचं सूत पिंजलेल्या लोकरीचं असतं. त्यात तंतू आडवेतिडवे राहतात. नंतर कापड ओलं करून मळलं की वर मऊ लव येते. त्या लवेमुळे प्रकाश विखुरतो आणि करडा रंग गाढ, शांत दिसतो. हॉपसॅकखाली किंवा ट्वीडखाली (ट्वीड म्हणजे जाड, खरबरीत लोकरीचं कापड) फ्लॅनेलइतकं दुसरं काही खुलत नाही. पण ते ऊबदार आहे, गुडघ्यांवर फुगतं आणि त्याची इस्त्री फार टिकत नाही. उकाड्यात घट्ट पिळाच्या सुताचं, साध्या विणीचं वर्स्टेड बरं. हाताला थोडं कोरडं लागतं, पण चुरगळलं तरी पटकन सरळ होतं, आणि तो कोरडेपणाच त्याला नेहमीच्या नितळ वर्स्टेडपेक्षा वेगळा पोत देतो. वजनाकडेही बघा. एका मीटरला ४०० ग्रॅमचं फ्लॅनेल आणि वर २५० ग्रॅमचा कोट घातला, तर कोट उसना आणल्यासारखा दिसतो. उलटही तेच. जाड ट्वीडखाली तलम चकचकीत पँट म्हणजे वरचा माणूस रानात आणि खालचा बैठकीला.

शर्टात फारसा पेच नाही. पॉपलिन नितळ, म्हणून सुटाबरोबर. ऑक्सफर्ड दाणेदार, म्हणून सुट्या कोटाबरोबर.

टायमध्ये खरी मजा. कोट-पँट-शर्ट सगळे नितळ असतील तर टाय खरबरीत घ्या. सगळं खडबडीत असेल तर टाय शांत. नितळ वर्स्टेडवर सॅटिनची टाय घातली तर चमक दुप्पट होते, ट्वीडवर घातली तर ती परकी दिसते. छापील रेशमी टाय फ्लॅनेलवर फार छान बसते, कारण लवेजवळ रेशमाची झळाळी उठून दिसते. स्वेटरसारखी विणलेली, सपाट टोकाची टाय सुट्या कोटावर उत्तम, पण औपचारिक सुटावर मला ती अर्धवट वाटते. आणि ठरवता येत नसेल तर ग्रेनडाइन. तिच्यात ताण्याचे धागे एकमेकांना पीळ घालत जातात, त्यामुळे जाळीदार पोत येतो आणि एकरंगी असूनही ती सपाट दिसत नाही. सूट आणि सुटा कोट, दोन्हीकडे चालते. टाय रेशमी असेल तर खिशातला रुमाल लिननचा ठेवा. दोन्ही एकाच कापडाचे नकोत.

निवड करताना कोटाचं आणि पँटचं कापड दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवा, चार पावलं मागे या आणि फोनवर कृष्णधवल फोटो काढा. रंग निघून गेल्यावर दोन्ही कापडं एकच भासत असतील, तर त्यातलं एक परत करा.